पियानो, चिपळी आणि तंजावरची मराठी वसाहत

मूळ भूमी सोडून दूर देशी स्थायिक झालेल्या समाजाचा विचार करताना त्याने बरोबर काय नेले आणि नेलेल्यापैकी त्याच्या हाती काय राहिले, हे दोन प्रश्न बहुधा एकच समजले जातात. वस्तुतः ते भिन्न आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सामानाच्या यादीत सापडते. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यासाठी त्या समाजाच्या व्यवहारात शिरावे लागते. इंग्रज वसाहतींच्या इतिहासात ह्या संदर्भात पियानोचे उदाहरण वारंवार दिले जाते. १७८८ मध्ये कैद्यांना घेऊन ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यास लागलेल्या पहिल्या तांड्यातील ‘सिरियस’ जहाजावर जॉर्ज वर्गन नावाचा शल्यवैद्य होता. त्याने आपला पियानो बरोबर नेला होता आणि १७९१ मध्ये मायदेशी परतताना तो एलिझाबेथ मॅकार्थर ह्या बाईंच्या स्वाधीन केला. अन्नधान्याची भ्रांत असलेल्या त्या वस्तीत ह्या वाद्याचा उपयोग तो काय असणार, असा प्रश्न सहज मनात येतो. परंतु पुढील शतकभर वसाहतवाल्यांच्या दिवाणखान्यात पियानोने जे स्थान मिळविले ते पाहता हा प्रश्न गैरलागू ठरतो. वाद्य वाजो वा न वाजो, ते घरात असणे हेच घरमालकाच्या कुळाचे व संस्कृतीचे प्रमाणपत्र होते. मुलीने ते शिकावे, आईकडून ते तिच्याकडे यावे आणि पाहुण्याच्या दृष्टीस ते प्रथम पडावे, असा हा वारसा होता.

मराठी भाषकांच्या इतिहासात ह्याला समांतर असे काही आहे काय, हे पाहावयाचे झाल्यास दृष्टी तंजावरकडे वळते. व्यंकोजीराजाने १६७५-७६ च्या सुमारास तेथे सत्ता स्थापन केल्यापासून १८५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ एकशेऐंशी वर्षे, कावेरीच्या खोऱ्यात भोसल्यांचे राज्य होते. त्याच्या आश्रयाने गेलेली कारकून, पंडित, शिलेदार, पुराणिक आणि रामदासी गोसाव्यांची घराणी पुढे तेथेच राहिली. राज्य गेले तरी ही वसाहत उठली नाही. ह्या वसाहतीत पियानोही आला आणि चिपळीही आली. एक राजवाड्याच्या दारातून आला. दुसरी यात्रेकरूच्या झोळीतून आली म्हटले तरी चालेल. ह्या दोहोंपैकी वारसा कोणास म्हणावयाचे, ह्याविषयी तंजावरच्या संगीतावर लिहिणाऱ्यांनी जे निर्णय दिले आहेत ते तपासून पाहण्याजोगे आहेत.

दुसऱ्या सरफोजीराजाची (१७७७–१८३२) कीर्ती मुख्यतः सरस्वतीमहाल ग्रंथालयावर उभी आहे आणि ते योग्यच आहे. श्वार्ट्झ ह्या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली वाढलेला हा राजा १७९८ मध्ये गादीवर आला आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने त्याचा राज्यकारभार कंपनीने काढून घेतला. तंजावरचा किल्ला, महसुलाचा एकपंचमांश भाग आणि नेमणूक एवढेच त्याच्याकडे उरले. राज्य करावयाचे नसलेल्या राजाने मग जे केले ते हिंदुस्थानच्या इतिहासात विरळा आहे. त्याने ग्रंथ जमविले, वैद्यकाचे प्रयोग करविले, बृहदीश्वराच्या देवळात १८०३ मध्ये भोसले वंशाचे चरित्र मराठीत शिलांकित करविले, ‘देवेंद्र कुरवंजी’ ह्या मराठी नाट्यप्रबंधात कुरवंजीच्या तोंडून जगाचा भूगोल वदविला आणि युरोपीय वाद्ये व स्वरलिप्या मागविल्या. सरस्वतीमहालातील युरोपीय संगीताच्या संग्रहात पियानोसाठी लिहिलेल्या रचना आहेत. त्याचा दरबारी वराहप्पय्या हा व्हायोलिनप्रमाणे पियानोही शिकला होता, असे दाक्षिणात्य संगीताचे इतिहासकार नमूद करतात. क्लॉडियस ब्यूकॅनन हा इंग्रज धर्मोपदेशक १८०६ मध्ये तंजावरास आला असता राजाच्या वादकांनी त्याला इंग्लंडच्या राष्ट्रगीताची चाल ऐकविली. परंतु ती वीणांवर ऐकविली आणि चालीला शब्दही देशी होते. युरोपीय वाद्ये हाती असलेल्या दरबारात पाहुण्यापुढे मांडण्यासाठी वीणाच निवडली गेली, हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे.

सरफोजीच्या ह्या उद्योगाकडे अलीकडच्या अभ्यासकांनी आधुनिकतेची पहाट म्हणून पाहिले आहे. त्यांचे म्हणणे अयथार्थ नाही. पण त्यात एक गृहीत लपलेले आहे. जे नवे आणि नोंदलेले आहे तेच परिणामकारक, असे हे गृहीत होय. पियानोपुरते पाहिले तर ह्या गृहीताला तंजावरच्या पुढील इतिहासाचा आधार मिळत नाही. त्याच दरबारी वातावरणातून आणि मद्रासच्या इंग्रज वस्तीतून दक्षिणेच्या संगीतात आलेले व्हायोलिन दोन पिढ्यांत पूर्णपणे देशी झाले. बालुस्वामी दीक्षित, वराहप्पय्या, तंजावरच्या चार बंधूंपैकी वडिवेलू ही त्या स्थित्यंतरातील नावे सर्वश्रुत आहेत. वादकाने मांडी घालून बसावे, वाद्याचे शीर्ष घोट्यावर टेकवावे, तारा गायकाच्या षड्जास जुळवाव्यात, एवढ्या फरकाने परकीय वाद्य गळ्याचे अनुगामी झाले. मुत्तुस्वामी दीक्षितांनी युरोपीय चालींवर तीसहून अधिक संस्कृत रचना केल्या. त्या ‘नोट्टुस्वर’ म्हणून आजही मुलांना शिकविल्या जातात. पियानोच्या वाट्याला ह्यांपैकी काहीही आले नाही.

ह्याचे कारण देताना स्थिर पट्ट्यांच्या वाद्यावर गमक निघत नाही, असे सांगितले जाते. हे उत्तर अर्धवट आहे. गमक तर हार्मोनियमवरही निघत नाही. त्याच दोषास्तव १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने त्याला बंदी घातली होती. तरीही महाराष्ट्रात ते कीर्तनात, भजनात व रंगभूमीवर शिरले, आणि दक्षिणेतही हरिकथेच्या साथीला व नाटकमंडळ्यांच्या तंबूत त्याने जागा पटकावली. हार्मोनियम मांडवात नेता येत होते. पियानो नेता येत नव्हता. त्याला दालन हवे, सुरावटीसाठी निष्णात माणूस हवा, दमट हवा आणि वाळवी ह्यांपासून बचाव हवा. सर्वांत मुख्य म्हणजे त्याला दिवाणखाना ही संस्था हवी. तंजावरच्या मराठी घरात सोपा होता, देवघर होते, पण पाहुण्यांपुढे घरच्या मुलीने बसून वाजवावे असा दिवाणखाना नव्हता. ऑस्ट्रेलियातील पियानो ज्या सामाजिक आसनावर विराजमान झाला ते आसनच येथे नव्हते. तेव्हा तंजावरचा पियानो हा राजाचा संग्रह होता, वसाहतीचा वारसा नव्हे, असे म्हणणे प्राप्त आहे. ह्यात सरफोजीचा गौरव कमी होत नाही. एका माणसाची जिज्ञासा म्हणजे समाजाची परंपरा नव्हे, एवढाच ह्याचा अर्थ.

संग्रहाचे पुढे काय होते तेही तंजावरने पाहिले. सरफोजीचा मुलगा शिवाजी १८५५ मध्ये पुत्राविना वारला. कंपनीने संस्थान खालसा केले आणि त्याबरोबर राजवाड्यातील खाजगी मालमत्तेवरही जप्ती आणली. थोरली राणी कामाक्षीबाई हिने मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला. राज्य गेले असेल, परंतु दागदागिने, जमिनी व घरातील वस्तू ह्या वारसाहक्काने विधवांच्या आहेत, हे तिचे म्हणणे होते. मद्रासच्या कोर्टाने निकाल तिच्या बाजूने दिला. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. कंपनीने केलेली जप्ती हे राज्यसत्तेचे कृत्य होय, ते न्याय्य होते की अन्याय्य हे पाहण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयास नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. कायद्याच्या अभ्यासकांना हा खटला राज्यसत्तेच्या कृत्याविषयीचा आधारभूत निर्णय म्हणून परिचित आहे. तंजावरच्या मराठी समाजाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व निराळे आहे. आपल्या घरातील वस्तू आपल्या आहेत हे सिद्ध करण्याची वेळ त्या समाजाच्या सर्वोच्च घराण्यावर आली, आणि कोर्टाने ते सिद्ध करण्याची मुभाही नाकारली. १८६२ मध्ये सरकारने ही मालमत्ता राण्यांना परत दिली. पण हक्क म्हणून नव्हे, कृपा म्हणून. पुढे तिच्या वाटणीवरून राण्याराण्यांतच कज्जे झाले. ग्रंथालय १९१८ मध्ये सार्वजनिक झाले म्हणून वाचले. अन्यथा त्याची काय गत झाली असती ह्याची कल्पना करणे कठीण नाही.

राजवाडा अशा अवस्थेत असताना, १८६४ च्या सुमारास, मोरगावचे रामचंद्रबुवा तंजावरास आले. दक्षिणेतील ग्रंथांतून त्यांचा निर्देश मोरगावकर बुवा किंवा बावा असा येतो. आश्रयदात्या दरबाराच्या शोधात निघालेल्या कलावंताने निवडण्यासारखा हा काळ नव्हता. परंतु कीर्तनकाराला दरबार लागत नाही, श्रोते लागतात. आणि मराठी समजणारे श्रोते त्या नगरात पुष्कळ होते. महाराष्ट्रातून रामेश्वरास जाणाऱ्या यात्रेकरूंची वाट ह्याच प्रांतातून जात असे. भोसल्यांनी त्या वाटेवर अन्नछत्रे बांधली होती. ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र (१८०२) त्यांतील विशेष प्रसिद्ध होय.

मोरगावचा कीर्तनकार म्हणजे कोणत्या भूमीतला कीर्तनकार, हे येथे थोडे स्पष्ट केले पाहिजे. कारण तंजावरविषयक लेखनात ‘मोरगाव’ हे केवळ आडनावाचे मूळ म्हणून येते आणि तेथेच त्याची चर्चा संपते. कऱ्हेच्या काठी वसलेले हे क्षेत्र अष्टविनायकांतील पहिले आणि गाणपत्य संप्रदायाचे आद्यपीठ आहे. मोरया गोसावींची परंपरा येथून चिंचवडास गेली आणि भाद्रपद व माघ ह्या दोन्ही उत्सवांत चिंचवडहून पालखी येथे येते. गणेश योगींद्रांसारखा भाष्यकार ह्याच क्षेत्राशी निगडित आहे. उत्सव म्हटला की कीर्तनाची सेवा आलीच. पण ह्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की मोरगाव ज्या बारामती तालुक्यात मोडते ती बारामती ही मोरोपंतांची (१७२९–१७९४) कर्मभूमी होती. पन्हाळ्याहून येऊन बाबूजी नाईकांच्या आश्रयाने तेथे राहिलेल्या ह्या कवीने रचलेल्या आर्या (छंदःशास्त्राच्या दृष्टीने त्यांतील बहुसंख्य गीति आहेत) वाचकापेक्षा श्रोत्याला उद्देशून होत्या. पुराणिक आणि कीर्तनकार हे त्यांचे खरे प्रकाशक. मोरोपंतांच्या काव्याला दुर्बोध म्हणणारे टीकाकार ही गोष्ट विसरतात. जी आर्या पानावर गाठोड्यासारखी दिसते तीच कीर्तनकाराने दोनदा घोळून, मध्ये गद्याने उकलून, तिसऱ्यांदा चिपळीच्या ठेक्यात म्हटली की आपोआप सुटते. अशा परिसरात वाढलेला कीर्तनकार तंजावरास गेला तो केवळ भक्तिभाव घेऊन गेला नाही. कथन, छंद व विवरण ह्यांची घट्ट बांधलेली एक रीत घेऊन गेला.

ह्या रीतीत चिपळीचे कार्य काय असते, ह्याकडे संगीताच्या अभ्यासकांनी अवश्य तितके लक्ष दिलेले नाही. कठीण लाकडाचे वीतभर लांबीचे दोन तुकडे, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने गोलसर, आत धातूच्या चकत्या किंवा घुंगरू, एवढेच हे वाद्य. दोन्ही तुकडे एकाच हातात धरले जातात. दुसरा हात अभिनयाला मोकळा राहतो. त्यास स्वर नाही, म्हणून त्याला कोणी वारसा-वाद्य म्हणणार नाही आणि संग्रहालयात त्याच्यापुढे कोणी थांबणारही नाही. तथापि निरूपणाची सबंध रचना ह्या दोन तुकड्यांवर तोललेली असते. गद्य संपून पद्य सुरू होते तो क्षण चिपळी दाखविते. मृदंगवाला सावध होण्यापूर्वी लय ठरविण्याचा अधिकार ती कथेकऱ्याच्या हाती ठेवते. दक्षिणेत पुराण सांगणारा पंडित बसून, समोर पोथी ठेवून सांगत असे. चिपळी हाती घेतलेला माणूस उभा राहतो, चालतो, वळतो, एका वाक्यात रुक्मिणी आणि पुढच्या वाक्यात रुक्मी होतो. तंजावरास नवे वाटले ते हे उभे राहणे.

मोरगावकर बुवांच्या कीर्तनांचा जो परिणाम झाला त्याचे श्रेय तंजावर कृष्ण भागवतर (निधन १९०३) ह्यांना द्यावे लागते. मराठी कीर्तनाचा ढंग त्यांनी आत्मसात केला, त्यासाठी मराठी शिकून घेतली आणि तो साचा तमिळ श्रोत्यांसाठी नव्याने बांधला. ज्याला आज दक्षिणेत हरिकथा किंवा कथाकालक्षेप म्हणतात त्याचे प्रचलित रूप त्यांच्यापासून सुरू होते, ह्याविषयी अभ्यासकांत मतभेद नाही. सूलमंगलम् वैद्यनाथ भागवतर, मांगुडी चिदंबर भागवतर, तिरुप्पळणम् पंचापकेश शास्त्री, हरिकेशनल्लूर मुत्तय्या भागवतर (१८७७–१९४५) ही त्या परंपरेतील पुढील नावे होत. सी. सरस्वतीबाई (१८९२–१९७४) ह्यांनी तर स्त्रीला ह्या व्यासपीठावर उभे राहता येते हे पुरुष भागवतरांच्या उघड विरोधास तोंड देऊन सिद्ध केले.

मराठीत ह्या इतिहासाचा उल्लेख जेव्हा जेव्हा होतो, तेव्हा ‘महाराष्ट्राने दक्षिणेला दिलेली देणगी’ असे त्याचे वर्णन केले जाते. ह्या विधानाची छाननी अवश्य केली पाहिजे. एक तर मोरगावकर बुवा हे पहिले नव्हेत. समर्थ रामदासांच्या (१६०८–१६८१) शिष्यशाखेचे मठ तंजावर व मन्नारगुडी येथे भोसल्यांच्या काळापासून होते. त्याच परंपरेतील अनंतपद्मनाभ गोस्वामी, म्हणजे कोकिळकंठ मेरुस्वामी, हे त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ (१८१३–१८४६) ह्यांच्या दरबारी जाऊन राहिले होते आणि त्या राजाची ‘कुचेलोपाख्यान’ व ‘अजामिलोपाख्यान’ ही संस्कृत आख्याने निरूपणाच्याच घाटाची आहेत. सरस्वतीमहालातील तीन हजारांवर मराठी हस्तलिखितांत निरूपणांची बाडे आहेत. तेव्हा १८६४ मध्ये जे घडले ते बीजारोपण नव्हते. आधीच रुजलेल्या आणि राजाश्रय सुटल्याने मलूल झालेल्या झाडाला मिळालेले ते मूळ प्रदेशातले पाणी होते. दुसरे असे की बोधेंद्र, श्रीधर अय्यावाळ आणि मरुदानल्लूरचे सद्गुरुस्वामी ह्यांनी घडविलेली भजनपद्धती तमिळ देशात आधीपासून होती आणि तिने मराठी अभंगाला पूर्वीच जागा करून दिली होती. ज्याने घेतले त्याच्याकडे ठेवावयास जागा होती, म्हणून देणे शक्य झाले.

तमिळ बाजूने लिहिणाऱ्यांचा कल उलट टोकाकडे जातो. एस. सीता ह्यांनी तंजावरच्या संगीतावरील आपल्या विस्तृत इंग्रजी ग्रंथात (१९८१) मराठी सामग्रीची नोंद मोकळेपणाने व काटेकोरपणे केली आहे. परंतु त्यांच्या मागून आलेल्या पुष्कळ लोकप्रिय लेखनात मराठी कीर्तनकार हा एक प्रसंगोपात्त पाहुणा उरतो आणि सर्व कर्तृत्व कृष्ण भागवतरांच्या प्रतिभेचे ठरते. प्रतिभा निःसंशय त्यांची होती. परंतु साचा कोणाचा, हे रचना तपासली की दिसते. नारदीय कीर्तनाचा आरंभ नमनाच्या पंचपदीने होतो. हरिकथेचाही आरंभ ‘पंचपदी’नेच होतो आणि तो शब्दही तोच आहे. आपल्या पूर्वरंगात मूळपद घेऊन त्यावर विवेचन होते. तेथे त्याला पूर्वपीठिका म्हणतात. पुढे उत्तररंगातील आख्यान. त्या आख्यानात एकामागून एक येणारे छंद पाहावे : साकी, दिंडी, ओवी, अभंग, आर्या, सवाई, घनाक्षरी, लावणी. हे सर्व नावानिशी तेथे रूढ झाले आणि तमिळ व तेलुगू रचनांसाठी वापरले गेले. दिंडीच्या एकोणीस मात्रा, नवव्या मात्रेवरील यती आणि करुण प्रसंगाकडे असलेला तिचा ओढा ही मराठी कानाची घडण आहे. तमिळ शब्दांत दिंडी ऐकताना मराठी श्रोत्याला अर्थ कळत नाही, पण प्रसंग कोणता चालला आहे हे कळते. घाटाचा वारसा म्हणतात तो ह्याहून निराळा नसतो.

तथापि कृष्ण भागवतरांनी केलेला बदल हा केवळ भाषांतराचा नव्हता. त्यांनी निरूपणात कर्नाटक संगीत भरपूर आणले. त्यागराजांच्या कृती, संस्कृत श्लोक, तमिळ पदे ह्यांची गुंफण करून त्यांनी कथेला मैफलीचे वजन दिले. मराठी कीर्तनात गाणे हे अर्थाच्या सेवेत असते आणि बुवांचा गळा बेताचा असला तरी चालून जाते. हरिकथेत ते चालेनासे झाले. ह्यात मिळकत झाली तशी हानीही झाली. पूर्वरंगातील तत्त्वविवेचन आखडले, श्रोत्याशी होणारा तिरकस, घरगुती संवाद कमी झाला आणि कथेकऱ्याऐवजी गवय्या ऐकण्यास लोक येऊ लागले. कृष्ण भागवतरांच्या काळी तोल सांभाळला गेला असावा. पुढील पिढ्यांत तो ढळला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापासून शुद्ध मैफलीपुढे हरिकथा जी मागे पडली तिचे एक कारण हेच होते : गाणेच ऐकावयाचे तर कथेची अडचण कशाला, असे श्रोत्याला वाटले तर त्याला दोष देता येत नाही.

ह्या व्यासपीठावर आणखी एक भेट झाली. कृष्ण भागवतरांचे मृदंगाचे साथीदार नारायणस्वामी अप्पा हे तंजावरच्या मराठी वसाहतीतले होते. भजनाच्या साथीत मुरलेला त्यांचा हात पुढे मृदंगाच्या ‘तंजावर बाणी’चा एक उगम मानला गेला. त्यांचे शिष्य दासस्वामी, त्यांच्याकडे शिकलेले तंजावर वैद्यनाथ अय्यर (१८९४–१९४७) आणि त्यांचे शिष्य पालघाट मणी अय्यर (१९१२–१९८१) अशी ही परंपरा विसाव्या शतकातील कर्नाटक संगीताच्या शिखरापर्यंत जाऊन पोहोचते. मणी अय्यरांचे वादन ऐकणाऱ्या किती जणांना त्यामागे रामनवमीच्या मराठी भजनातला एक हात उभा दिसत असेल? वसाहतीच्या वारशाची गणना घरातील वस्तूंवरून केली तर हा हात त्या गणनेत येत नाही. तसेच व्हायोलिनचे. राजवाड्याच्या वर्तुळातून बाहेर पडलेले ते परकीय वाद्य हरिकथेच्या मांडवात चिपळीच्या शेजारी येऊन बसले, आणि सरफोजीने जमविलेल्या युरोपीय संगीताचा जो अंश वसाहतीत खरोखर जिवंत राहिला तो येथे, रामदासी परंपरेतून आलेल्या दोन लाकडी तुकड्यांच्या संगतीत राहिला.

येथवरच्या विवेचनावरून चिपळी जिंकली आणि पियानो हरला, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे, कारण चिपळी टिकली म्हणून मराठी टिकली असे झालेले नाही. वसाहतीच्या घरांतून मराठी बोलली जाते, आणि तिच्यात सतरा-अठराव्या शतकातील कित्येक शब्द शाबूत आहेत, ही भाषाभ्यासकांना आकर्षणाची गोष्ट आहे. परंतु लेखनवाचनाची भाषा म्हणून तिचा व्यवहार आटला. मोडी गेली, बाळबोध वाचणारे विरळ झाले, आणि घरचे व्रतवैकल्य, पाककृती, अभंगांच्या वह्या तमिळ लिपीत उतरविल्या जाऊ लागल्या. हरिकथेतील मराठी पद्यांचे काम प्रथम अर्थवाही होते, मग आदरवाही झाले, शेवटी नादवाही राहिले. पंचपदीतील शब्द म्हणणारा भागवतर ते बिनचूक म्हणे, पण त्यांतून त्याला कोणी काही विचारले तर उत्तर देता येईलच असे नव्हते. वस्तू म्हणून पडून राहिलेला पियानो आणि अर्थ सुटून नादच उरलेले पद ह्यांत अंतर आहे खरे, पण ते मानले जाते तितके मोठे नाही.

ह्यावर असे म्हणता येईल की सरफोजीच्या काळीही तंजावरचे मराठी कोठे निर्भेळ होते? त्याच्या नावावरील एका नृत्यप्रबंधसंग्रहाचे शीर्षकच ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ असे आहे : तमिळ, संस्कृत आणि फारसीच्या वाटेने आलेला अरबी असे तीन शब्द, जोडणारे प्रत्यय तेवढे मराठी. त्याच्याही आधी शहाजीराजाने (१६८४–१७१२) ‘पंचभाषाविलास’ नाटकात पाच भाषा एका रंगमंचावर आणल्या होत्या. भेसळ ही तंजावरी मराठीची विकृती नसून प्रकृती आहे, हे मान्य करण्यास हरकत नाही. मात्र ह्या उदाहरणांत भाषा जाणणारा माणूस ती मिसळतो. उत्तरकालीन हरिकथेत ती न जाणणारा माणूस ती जतन करतो. दोन्ही व्यवहार आदरणीय असले तरी एकाच मापाने मोजण्यासारखे नाहीत.

हे जतन लिपीच्या पातळीवर कसे चालले, त्याचा एक मासला पाहण्याजोगा आहे. तमिळ लिपीत प, फ, ब, भ ह्या चारही वर्णांना एकच अक्षर आहे. त्यामुळे साध्या तमिळ लेखनात ‘अभंग’ आणि ‘अपंग’ ह्यांत काहीही फरक राहत नाही. श्रद्धेने गायिला जाणारा अभंग असा पंगू होऊ नये म्हणून तेथील भजनसंग्रह छापणाऱ्यांनी अक्षराच्या डोक्यावर बारीक आकडे घालण्याची युक्ती योजिली : दोनचा आकडा असेल तर दुसरा वर्ण, तीनचा असेल तर तिसरा, चारचा असेल तर चौथा. नामदेव-तुकोबांची पदे त्या पुस्तकांतून अशी आकड्यांनी खचून भरलेली दिसतात, आणि मराठीचा गंध नसलेला गायक ‘प’वरील चारचा आकडा पाहून स्वच्छ महाप्राण ‘भ’ उच्चारतो.